साध्या इलेक्ट्रिक गिटारवरून सिंथेसायझर वाजवणे: मांडणी, उशीर आणि मींड

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरात वाढलेल्या मुलाच्या हाती गिटार येते तेव्हा त्याचा कान बहुधा आधीच तयार झालेला असतो. घरात कोणीतरी ख्याल ऐकत असते, डिसेंबरात तानसेन समारोहाला जाणे ठरलेले असते आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट ऐकू यायला हवी, ही अपेक्षा नकळत मनात बसलेली असते. कीबोर्डवर सिंथेसायझर वाजवताना नेमकी हीच वाट हरवते, कारण प्रत्येक पट्टी आपापल्या स्वरापुरती असते. गिटारची तार मात्र बोटाने ओढता येते. म्हणूनच गिटारवरून सिंथेसायझर वाजवण्याचा खटाटोप करण्याजोगा आहे, असे मला मनापासून वाटते, आणि या लेखातली सारी मांडणी तारेवरची मींड, म्हणजे स्वरांमधली ही सलग वाट, सिंथेसायझरपर्यंत अखंड पोहोचावी या एका हेतूने केलेली आहे.

हे काम पूर्वी सोपे नव्हते. रोलंडने १९७७ साली जीआर-५०० हा गिटार सिंथेसायझर आणला तेव्हा त्याला जोडायला खास बनवलेली गिटार लागत असे. पुढे कोणत्याही गिटारवर बसवता येतील असे सहा तारांचे सहा स्वतंत्र सिग्नल देणारे पिकअप (तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारे भाग) आले आणि ते आजही मिळतात. आता मात्र साध्या गिटारचा साधा आवाज ऐकून संगणकच स्वर ओळखतो आणि त्याचे मिडी संदेशात रूपांतर करतो. मिडी हे १९८३ पासूनचे प्रमाणित माध्यम आहे. कोणता स्वर, किती जोराने, केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला आणि मधल्या काळात किती सरकला, एवढेच ते सांगते. प्रत्यक्ष नाद सिंथेसायझर स्वतः तयार करतो.

अडचण कुठे आहे ते आधी समजून घ्यावे, म्हणजे पुढच्या प्रत्येक सूचनेचे कारण आपोआप उलगडेल. साध्या पिकअपमधून सहाही तारांचा आवाज एकाच वायरीतून मिसळून येतो. जाड ई तार मोकळी छेडली की तिची कंपनसंख्या ८२.४ हर्ट्‌झ असते आणि त्याच तारेतून १६४.८, २४७.२ असे उपस्वरही येतात. आता त्याच वेळी १६४.८ हर्ट्‌झचा वरचा ई तुम्ही खरोखरच वाजवला, तर तो स्वतंत्र स्वर आहे की खालच्या स्वराचा उपस्वर आहे, हे सॉफ्टवेअरला अंदाजानेच ठरवावे लागते. दुसरी अडचण वेळेची आहे. स्वर ओळखण्यासाठी तारेच्या कंपनाचे निदान एखादे आवर्तन तरी पूर्ण व्हावे लागते. जाड ई तारेचे एक आवर्तन सुमारे १२ मिलिसेकंदांचे असते, तर बारीक ई तारेचे सुमारे ३ मिलिसेकंदांचे असते. म्हणजे खालचे स्वर उशिरा ओळखले जाणे हा सॉफ्टवेअरचा दोष नसून तारेचा धर्म आहे.

साहित्य आणि वीज

ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटारचा सिग्नल संगणकात नेणारी पेटी, हवाच. लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात गिटार घालून पाहण्याचा मोह होतो, पण ते इनपुट पिकअपसाठी बनवलेले नसते. त्यात सिग्नल दबतो, वरचे उपस्वर मरतात आणि बोलण्याचा आवाज स्वच्छ करण्यासाठी बसवलेली यंत्रणा गिटारचा लांबलेला स्वर गोंगाट समजून कापते. दोन इनपुटचा साधा इंटरफेस पुरतो, फक्त त्यावर ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ असे लिहिलेले इनपुट असावे, ज्याचा रोध साधारण १ मेगाओहमच्या आसपास असतो. विंडोजवर त्या इंटरफेसच्या कंपनीनेच दिलेला एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी ठेवणारे सॉफ्टवेअर) बसवावा. मॅकवर वेगळ्या ड्रायव्हरची गरज सहसा पडत नाही.

विजेकडे मात्र जास्त लक्ष द्यावे लागते, विशेषतः आपल्याकडे. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि कूलर बंद करून सराव करणे शक्य नसते. एका संध्याकाळी मी सारी मांडणी लावून गिटार मांडीवर घेऊन बसलो होतो, दोन्ही हात तारांपासून दूर होते, तरीही पडद्यावर खालचा जी हा स्वर पुन्हा पुन्हा उमटत होता. मी आधी सॉफ्टवेअरवर संशय घेतला, मग केबल बदलली आणि शेवटी कूलर बंद केला तेव्हा तो स्वर थांबला. कारण साधे होते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे, तिच्या दुप्पट १०० हर्ट्‌झची गुणगुण पिकअपमध्ये शिरते आणि जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा (मानेवरच्या आडव्या धातूपट्टीवरचा) जी ९८ हर्ट्‌झचा असतो. सॉफ्टवेअरने ती गुणगुण जवळच्या स्वरात जमा केली होती.

अशा आगंतुक स्वरांचा बंदोबस्त गिटारपासूनच सुरू करावा. हंबकर (दोन गुंडाळ्यांचा) पिकअप असेल तर गुणगुण बरीच कमी होते. तीन सिंगल कॉइल (एका गुंडाळीच्या) पिकअपच्या बऱ्याच गिटारींत स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन पिकअप एकत्र येऊन गुणगुण रद्द होते. बसण्याची जागा बदलावी आणि गिटारचे तोंड थोडे फिरवून पाहावे, कारण कोन बदलला की गुणगुणही बदलते. पंख्याचा रेग्युलेटर मधल्या आकड्यावर ठेवू नये. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर आवाज स्वच्छ होत असेल तर दोष चार्जरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे. अशा वेळी तीन पिनांच्या, खरोखर अर्थ जोडलेल्या बोर्डातून वीज घ्यावी आणि गरज पडल्यास इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याची युक्ती काही जण सुचवतात, ती कधीही करू नये, कारण तुमचे दोन्ही हात धातूच्या तारांवर असतात.

गिटारची तयारी

तारा नव्या असाव्यात. गंजलेल्या, मळलेल्या तारेचे उपस्वर मूळ स्वराशी नीट जुळत नाहीत आणि सॉफ्टवेअर दोन स्वरांच्या मध्ये अडखळते. मी १० ते ४६ चा (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) संच वापरतो, कारण त्यातली तिसरी तार दोन स्वरांतरे (म्हणजे दोन फ्रेटइतके) ओढण्याइतकी मऊ असते आणि जोराने छेडली तरी फ्रेटवर फारशी खडखडत नाही. त्यानंतर इंटोनेशन तपासावे: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर सारखाच दिसला पाहिजे. दाबलेला स्वर चढा दिसत असेल तर त्या तारेचे सॅडल (खालच्या टोकाला तार टेकते तो तुकडा) मागे सरकवून तार लांब करावी, उतरा असेल तर पुढे आणावे. ऐकण्यासाठी वाजवताना थोडी कसर कानाआड होते, सॉफ्टवेअर मात्र ती कसर मोजून सिंथेसायझरला कळवते.

पिकअप मानेजवळचा निवडावा, कारण तिथे मूळ स्वर सर्वांत भरीव मिळतो. व्हॉल्यूम पूर्ण ठेवावा. डिस्टॉर्शन, कोरस, डिले, रिव्हर्ब यांपैकी काहीही गिटार आणि सॉफ्टवेअर यांच्या मध्ये असू नये. हे सारे सिंथेसायझरच्या नंतर हवे तितके लावता येते. इंटरफेसचा गेन (सिग्नल वाढवण्याचे बटण) असा लावावा की सर्वांत जोरात छेडले तरी मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. लाल दिवा एकदाही लागता कामा नये, कारण छाटलेल्या तरंगात नसलेले उपस्वर तयार होतात. आणखी एक स्वस्त उपाय म्हणजे वरच्या नटजवळ, पहिल्या फ्रेटच्या आसपास, केसांना बांधायचा कापडी रबर तारांवर गुंडाळावा. त्यामुळे मोकळ्या तारा आपोआप झणझणत नाहीत. मोकळी तार वाजवायची नसेल तेव्हा हा रबर अर्ध्या तक्रारी मिटवतो.

सॉफ्टवेअरचे दोन मार्ग

पहिला मार्ग एका वेळी एकच स्वर ओळखणारा आहे आणि शिकण्यासाठी तो उत्तम आहे. रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते आणि त्यातच रीट्यून नावाचे प्लगइन (आत जोडले जाणारे छोटे सॉफ्टवेअर) मिळते. नवा ट्रॅक घ्यावा, त्याला गिटारचे मोनो इनपुट द्यावे, रेकॉर्डचे बटण दाबून मॉनिटरिंग सुरू करावे आणि त्यावर रीट्यून लावावे. त्यात स्वर बदलला की मिडी संदेश पाठवण्याची एक चौकट असते, तिच्यावर खूण करावी. मग दुसरा ट्रॅक घेऊन त्यावर सिंथेसायझर ठेवावा. सर्ज एक्सटी, व्हायटल आणि डेक्स्ड हे तिन्ही मोफत मिळतात. शेवटी पहिल्या ट्रॅकवरून दुसऱ्याकडे एक सेंड (सिग्नल पाठवण्याची जोडणी) जोडून त्यातला ऑडिओ बंद करावा आणि मिडी तेवढे चालू ठेवावे. आता तार छेडल्यावर दुसरा ट्रॅक बोलू लागला पाहिजे. बोलला नाही तर आधी पहिल्या ट्रॅकचा मीटर हलतो आहे का ते पाहावे, मग दुसऱ्या ट्रॅकवर मिडीची खूण चमकते आहे का ते पाहावे. या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून चूक कोणत्या टप्प्यावर आहे ते लगेच कळते.

मींडेसाठी आणि एकाहून अधिक स्वरांसाठी मी दुसरा मार्ग वापरतो, तो म्हणजे खास याच कामासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर. जॅम ओरिजिनचे मिडी गिटार हे त्यांतले सर्वांत परिचित नाव आहे. ते सशुल्क आहे, पण विकत घेण्यापूर्वी चाचणी आवृत्ती वापरता येते, आणि ती आपल्याच गिटारवर, आपल्याच खोलीत वापरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ते स्वतंत्रपणेही चालते आणि रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन म्हणूनही चालते. स्वतंत्रपणे चालवून मिडी दुसऱ्या प्रोग्रॅमला पाठवायचे असेल तर मध्ये एक आभासी मिडी केबल लागते. विंडोजवर लूपमिडी हे काम करते आणि मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मधला आयएसी ड्रायव्हर सुरू केला की पुरते. माझा सल्ला प्लगइनचाच आहे, कारण जोडण्या जितक्या कमी तितके बिघाड शोधणे सोपे जाते.

उशीर किती आणि कुठला

सॅम्पल रेट (सेकंदाला घेतलेले नमुने) ४८,००० ठेवला आणि बफर (एका वेळी हाताळले जाणारे नमुने) १२८ ठेवला, तर एका बफरला सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. ५१२ ठेवला तर जवळजवळ १०.७ लागतात. हा वेळ आत येताना आणि बाहेर जाताना असा दोनदा मोजावा लागतो आणि त्यात इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ मिळवावा लागतो. अंदाजासाठी सांगतो की आवाजाला हवेतून १ मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ३ मीटरवर ठेवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाजही ९ मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो आणि त्याचा आपल्याला त्रास होत नाही. म्हणून बफर १२८ वर सुरू करावा, आवाज तुटत नसेल तर ६४ वर न्यावा, तुटत असेल तर २५६ वर थांबावे आणि त्याहून वर जाऊ नये. लॅपटॉप वीज वाचवण्याच्या स्थितीत नसावा. ब्राउझर बंद असावा आणि वाय-फाय बंद केल्यानेही अनेकदा तुटणे थांबते.

उरलेला उशीर तारेचा आहे आणि तो वाजवण्याच्या पद्धतीने झाकता येतो. बेसचा नाद हवा असेल तर जाड तारेवर न जाता वरच्या तारांवर वाजवावे आणि सॉफ्टवेअरमध्ये १२ किंवा २४ स्वरांतरे खाली उतरवावे. ओळख बारीक तारेच्या वेगाने होते आणि नाद खर्जातला मिळतो. दुसरी युक्ती मला फार आवडते: गिटारचा मूळ आवाजही अगदी हलका मिसळून ठेवावा. पिकचा टणत्कार ताबडतोब कानावर पडतो, मागून सिंथेसायझरचा स्वर फुलतो आणि कानाला दोन्ही मिळून एकच आघात वाटतो.

मींड पोहोचवणे

आता मुख्य भाग. मिडीमध्ये स्वर सरकवण्याच्या संदेशाला पिच बेंड म्हणतात. त्याचे मूल्य ० ते १६३८३ असते आणि मध्य ८१९२ वर असतो. हा आकडा म्हणजे किती स्वरांतरे, हे मात्र संदेशात नसते. ते पाठवणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने आपापल्या जागी ठरवलेले असते. पुष्कळ सिंथेसायझर सुरुवातीला वर-खाली २ स्वरांतरे धरून चालतात. गिटारच्या बाजूने १२ ठेवले असेल आणि सिंथेसायझरकडे २ राहिले असेल, तर सारी मींड सहाव्या हिश्श्याची होऊन जाते.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. षड्ज डी धरला तर ऋषभ ई येतो आणि तो तिसऱ्या तारेच्या नवव्या फ्रेटवर मिळतो. परंपरेने तानसेनांच्या नावाशी जोडलेल्या दरबारी कानड्यातला आंदोलित गंधार वाजवायचा असेल, तर याच ऋषभावर तार छेडून ती कोमल गंधाराच्या किंचित अलीकडे, समजा ८० सेंटपर्यंत (एक सेंट म्हणजे स्वरांतराचा शंभरावा भाग), ओढायची आणि सावकाश सोडायची. बेंडची मर्यादा १२ असेल तर ८० सेंटसाठी मूल्य ८१९२ मध्ये सुमारे ५४६ मिळवून ८७३८ च्या आसपास जाते. सिंथेसायझरनेही १२ धरले असेल तर तुम्हाला तोच झुलता गंधार ऐकू येईल. त्याने २ धरले असेल तर जेमतेम १३ सेंटचा कंप ऐकू येईल आणि बोट एवढे ओढूनही स्वर जागचा हलत का नाही, असे वाटत राहील. मी यात दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, म्हणून आग्रहाने सांगतो की नवा नाद निवडला की सर्वांत आधी त्याची बेंड मर्यादा पाहावी, कारण काही सिंथेसायझरमध्ये ती प्रत्येक नादासोबत जतन होते आणि नाद बदलला की तीही बदलते.

सॉफ्टवेअरमध्ये सरकता स्वर जवळच्या ठरावीक स्वरात बसवण्याचा पर्याय असेल तर तो मींडेसाठी बंद ठेवावा. चालू ठेवल्यास आंदोलन नाहीसे होते आणि ई व एफ यांच्यामध्ये पायरी ऐकू येते. अवरोही मींडेसाठी सतारीचीच रीत वापरावी: तार आधी ओढून घ्यावी, मग छेडावी आणि मग सोडावी. सॉफ्टवेअर ओढलेला स्वरच मूळ स्वर मानते आणि सोडताना खाली येणारा बेंड पाठवते. फ्रेटवरून बोट घसरवून नेलेली मींड मात्र वेगळी आहे. तिथे प्रत्येक फ्रेट ही पायरीच असते, त्यामुळे सॉफ्टवेअर कधी बेंड पाठवते तर कधी नवा स्वर सुरू करते. सरोदसारखी सलग घसरण हवी असेल तर काचेची किंवा धातूची स्लाइड वापरावी आणि बेंडची मर्यादा मोठी ठेवावी.

दोन स्वर एकत्र वाजत असताना एकच ओढायचा असेल तर साधे मिडी अपुरे पडते, कारण एका चॅनेलवरचा बेंड त्या चॅनेलवरच्या साऱ्या स्वरांना लागू होतो. यासाठी एमपीई (मिडी पॉलिफोनिक एक्सप्रेशन) हे माध्यम आहे, ज्याचे प्रमाणीकरण २०१८ मध्ये झाले. त्यात प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनेल मिळतो आणि बेंडची नेहमीची मर्यादा ४८ स्वरांतरे असते. सर्ज एक्सटी आणि व्हायटल दोन्हींत एमपीई सुरू करता येते. ते दोन्ही बाजूंनी सुरू आहे आणि मर्यादा जुळते आहे याची खात्री करावी.

नाद घडवणे

सुरुवात साध्या नादापासून करावी: एक करवती तरंग, त्यावर लो-पास फिल्टर (वरचे उपस्वर कापणारा), अ‍ॅटॅक २० ते ४० मिलिसेकंद (स्वर पूर्ण उमलायला लागणारा वेळ) आणि रिलीज (विरायला लागणारा वेळ) २०० च्या आसपास. किंचित हळू उमलणारा नाद ओळखीचा उशीर पोटात घेतो. पियानो किंवा मरिंब्यासारखा टोकदार नाद तो चव्हाट्यावर आणतो, म्हणून ते नाद हात बसल्यावरच घ्यावेत. एकलवादनासाठी सिंथेसायझर मोनो (एका वेळी एकच स्वर) आणि लेगाटो (स्वर न तोडता जोडणारा) ठेवावा. पोर्टामेंटो (स्वरांमधली आपोआप सरक) शून्यावर ठेवावा, कारण तो स्वतःची बनावट मींड घालतो आणि तुमची मींड झाकून टाकतो. याच कारणाने कंपनासाठी लावलेला एलएफओही (स्वर आपोआप हलवणारा मंद तरंग) काढून टाकावा. व्हायब्रॅटो बोटातून येऊ द्यावा. छेडण्याचा जोर फिल्टरला थोडासाच जोडावा. पूर्ण जोडला तर प्रत्येक स्वर वेगळ्याच वाद्याचा वाटतो. पिकचा जोर सॉफ्टवेअरला नेहमी नेमका कळत नाही, त्यामुळे जोराची वक्ररेषा अशी ठेवावी की हलका हातही (मिडीच्या १२७ पर्यंतच्या मापात) ४० च्या खाली जाणार नाही.

गिटारचा स्वर विरला की सॉफ्टवेअर स्वर संपल्याचा संदेश पाठवते, म्हणून तानपुऱ्यासारखा सतत भरणारा आधार तारेवरून मिळत नाही. त्यासाठी मिडी पाठवणारे पायपेडल कंट्रोलर क्रमांक ६४ वर (स्वर धरून ठेवण्याच्या मिडी संदेशावर) लावावे, स्वर वाजवून पेडल दाबावे आणि पेडलचा परिणाम त्या आधाराच्या ट्रॅकपुरता ठेवून, त्या ट्रॅकला नवे स्वर जाऊ न देता, वर मोकळेपणाने वाजवावे.

वाजवण्याचा हात थोडा बदलावा लागतो. एक स्वर पूर्ण थांबवून दुसरा छेडावा, उजव्या तळव्याने खालच्या तारा आणि डाव्या तर्जनीच्या टोकाने वरची तार दाबून ठेवावी. पिक तारेला घासून जाईल असे छेडू नये, कारण त्या खरखरीत स्वर नसतो आणि सॉफ्टवेअर त्यातही स्वर शोधते. रोज दहा मिनिटे एकाच तारेवर विलंबित आरोह-अवरोह वाजवावा आणि पडद्यावरचे मिडी पाहावे. जिथे एका स्वराच्या जागी दोन दिसतात, तिथे बोट उचलताना तार झणझणली आहे असे समजावे. तरीही आगंतुक स्वर उरले तर सॉफ्टवेअरचा गेट (त्याखालचा हलका आवाज न ऐकण्याची मर्यादा) थोडा वर न्यावा, पण इतका नाही की मींडेचे शेपूट कापले जाईल.

ध्वनिमुद्रण करताना मिडीसोबत गिटारचा कोरा आवाजही वेगळ्या ट्रॅकवर जतन करावा. मिडी चुकीचे उतरले असेल तर तोच आवाज वेगळ्या गेटने पुन्हा सॉफ्टवेअरमधून काढता येतो आणि पुन्हा वाजवावे लागत नाही. मिडी साफ करताना अगदी आखूड आणि २० पेक्षा कमी जोराचे स्वर आधी पुसावेत. क्वान्टाइझ (स्वर तालाच्या नेमक्या जागी सरकवणे) मात्र मींड असलेल्या ओळीवर करू नये, कारण स्वर सरकतो आणि बेंडची वळणे जुन्याच जागी राहू शकतात. गणपतीच्या मंडपात वाजवायचे असेल तर लॅपटॉप चार्ज करून न्यावा, त्याची आपोआप झोपी जाण्याची सोय बंद करावी, इंटरफेसचे आउटपुट डीआय बॉक्समधून (लांब केबलसाठी सिग्नल जुळवणाऱ्या पेटीतून) मिक्सरला द्यावे आणि गेट तिथेच, दिव्यांच्या माळा आणि जनरेटर सुरू झाल्यानंतर, हात तारांवरून काढून पुन्हा लावावा.